नव्या वेबसाइटवर कोणी फिरकत नाही? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधा

लक्षणं

"साइटवर कोणी येत नाही" ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण तिच्या पोटात वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. म्हणून थीम बदलण्याआधी, नवं प्लगइन टाकण्याआधी आणि जाहिरातीवर पैसे घालण्याआधी तुमचं लक्षण यातलं कोणतं ते ठरवा.

*साइटचं पूर्ण नाव गुगलमध्ये टाकलं तरी ती सापडत नाही.* दार बंद आहे किंवा गुगलपर्यंत पत्ताच पोचलेला नाही. हा सगळ्यात भीतिदायक वाटणारा आणि बहुतेक वेळा सगळ्यात लवकर सुटणारा बिघाड.

*नावाने सापडते, विषयाने शोधलं तर कुठेच नाही.* दार उघडं आहे. अडचण आत काय ठेवलंय याची आहे, किंवा बाहेर तुम्हाला कोणी ओळखत नाही याची.

*सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन) इम्प्रेशन्स, म्हणजे निकालांत तुम्ही किती वेळा दिसलात तो आकडा, दिसतात, क्लिक मात्र नाहीत.* तुम्ही यादीत आहात, पण फार खाली आहात किंवा तुमच्या ओळीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

*पहिल्या आठवड्यात आकडे चढले, मग सपाट.* हा बिघाड नाहीच. तुम्ही लिंक पाठवलीत, ओळखीच्यांनी एकदा उघडली, विषय संपला. खरी सुरुवात त्या सपाट रेषेपासून होते.

*भेटी भरपूर, पण ना कोणाचा मेल, ना कोणी दुसरं पान उघडत.* बहुधा माणसं नाहीत, बॉट आहेत, म्हणजे आपोआप साइट चाळणारे प्रोग्राम.

*लोक येत होते, एकाएकी बंद झाले.* ही वेगळी जात आहे. तुमचं लक्षण हे असेल तर सरळ "एकाएकी बंद पडलं असेल तर" या भागावर जा, बाकीचं नंतर वाचा.

मोजमाप तरी बरोबर आहे का?

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि लोक सर्रास वगळतात तीही हीच. थोडे आकडे येणं वेगळं आणि निखळ शून्य येणं वेगळं. मालक स्वतः तरी दिवसातून चारदा आपली साइट उघडून बघतोच, तेव्हा शून्य दिसलं की माझा पहिला संशय मोजणाऱ्या कोडवर असतो.

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर साइट उघडा आणि गुगल ॲनालिटिक्सचा रिअलटाइम अहवाल बघा. थोड्याच वेळात तुमची स्वतःची भेट तिथे दिसली पाहिजे. दिसली नाही, तर कोड मुखपृष्ठावर आहे पण आतल्या पानांवर नाही, किंवा ब्राउझरमधल्या जाहिरातरोधकाने तो अडवलाय, किंवा कोडच मेलेला आहे. जुन्या टेम्प्लेटमधून उचललेल्या कोडमध्ये अजूनही यूए या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक सापडतो. ती युनिव्हर्सल ॲनालिटिक्सची पिढी. सर्वसाधारण खात्यांसाठी तिने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणं बंद केलं. आताचा क्रमांक जी या अक्षराने सुरू होतो. कुकीच्या संमतीची पट्टी लावली असेल तर "नको" म्हणणारेही मोजणीतून गळू शकतात, हे ध्यानात ठेवा.

होस्टिंगच्या पॅनलमध्ये दिसणारा मोठा आकडा मात्र खरा धरू नका. तिथे सर्व्हरकडे आलेली प्रत्येक विनंती मोजली जाते, आणि नव्या डोमेनवर कुलपं चाचपणारे बॉट पहिल्या दिवसापासून येतात.

म्हणून सर्च कन्सोल उघडाच. ते फुकट आहे आणि त्यातले आकडे तुमच्या पानावरच्या कोडवर अवलंबून नसतात. गुगलने किती वेळा तुम्हाला दाखवलं आणि कितींनी क्लिक केलं ही गुगलचीच नोंद असते. यातही एक खोच आहे. साइट जोडताना "यूआरएल प्रीफिक्स" हा प्रकार निवडला आणि पत्ता एचटीटीपीने किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय टाकला, आणि साइट प्रत्यक्षात एचटीटीपीएस आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह चालत असेल, तर अहवाल रिकामाच दिसणार. "डोमेन" हा प्रकार निवडला की सगळी रूपं एकत्र येतात. आकडे यायला वेळ लागतो, तेव्हा आज जोडून आज निकाल शोधू नका.

दार आतून बंद आहे का?

गुगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत साइट हा शब्द, लगेच कोलन आणि त्याला चिकटून, मध्ये जागा न सोडता, तुमचं डोमेन टाका. यात गुगलकडे असलेली तुमची पानं दिसतात. आकडा ढोबळ असतो, त्यावर हिशेब मांडू नका. इथे फक्त काही येतं की नाही एवढंच बघायचंय.

काहीच आलं नाही तर नव्या साइटच्या बाबतीत मी सगळ्यात आधी नोइंडेक्स, म्हणजे "हे पान यादीत घेऊ नका" असं सर्च इंजिनांना सांगणारी खूण, शोधतो. साइट बांधताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून बांधणारा ती खूण मुद्दाम लावतो. साइट सुरू होते, पैसे चुकते होतात, खूण तशीच राहते. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जखाली रीडिंग या पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करण्याचा एक चौकोन असतो. त्यातली टिक काढली की काम झालं. २०१९ मधल्या ५.३ आवृत्तीपासून हा चौकोन प्रत्येक पानावर नोइंडेक्स लिहितो, म्हणजे ती नुसती विनंती नसते, दार खरोखर बंद होतं. एसइओची (शोधनिकालांत वर येण्यासाठीची) प्लगइन्स हीच खूण एकेका पानावर किंवा एखाद्या अख्ख्या प्रकारावर वेगळी लावू शकतात, तिथेही बघा. "लवकरच येत आहोत" दाखवणारं प्लगइन किंवा देखभालीचा मोड चालू राहिला असेल तर तुम्हाला लॉगिन असल्यामुळे साइट दिसते आणि बाकी जगाला दिसत नाही. म्हणून तपासणी नेहमी खाजगी विंडोत, लॉगिन न करता.

दुसरी जागा रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल. डोमेनच्या पुढे तिरकी रेघ देऊन हे नाव टाका, फाइल ब्राउझरमध्येच उघडेल. तिच्यात "यूजर-एजंट" पुढे तारा आणि "डिसअलाउ" पुढे नुसती तिरकी रेघ असेल, तर सगळ्या बॉटना सगळीकडे मज्जाव आहे. हा शिरस्ता १९९४ पासूनचा. प्रमाण म्हणून तो आरएफसी ९३०९ या नावाने नोंदला गेला २०२२ मध्ये. सभ्य बॉट तो पाळतात, असभ्य पाळत नाहीत, त्यामुळे काही लपवायला ही फाइल कुचकामी आहे.

नोइंडेक्स आणि रोबोट्सची फाइल यांत गल्लत फार होते. रोबोट्सची फाइल पान *वाचायला* मनाई करते, यादीत *घेऊ नका* असं सांगत नाही. नोइंडेक्स यादीत घेऊ नका असं सांगतं, पण ते वाचण्यासाठी बॉटला पान उघडता आलं पाहिजे. दोन्ही एकदम लावले की बॉट पान उघडत नाही, त्यामुळे नोइंडेक्स त्याला दिसत नाही, आणि दुसरीकडून दुवा मिळाला तर नुसता पत्ता, वर्णनाशिवाय, निकालांत येऊन बसतो. तुमचं पान "वर्णन उपलब्ध नाही" अशा अर्थाच्या ओळीसह दिसत असेल तर हाच घोळ समजा.

दोन्हीकडे काही सापडलं नाही तरी अजून एक जागा उरते, आणि तिथे भलेभले फसतात. सुरक्षेचं प्लगइन, होस्टिंगची भिंत किंवा मधलं सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) गुगलच्या बॉटलाच हल्लेखोर समजून हाकलतं. माणसाला साइट छान दिसते, बॉटला ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा कोड, मिळतो. हे डोळ्यांनी कळणार नाही. सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाका, "टेस्ट लाइव्ह यूआरएल" दाबा आणि मग तपासलेलं पान उघडून त्यातला स्क्रीनशॉट बघा. गुगलला जे दिसलं ते तिथे असतं: पूर्ण पान, कोरं पान, की "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" असा चौकोन. सर्व्हरच्या उत्तराच्या शीर्षातून पाठवलेला नोइंडेक्सही, जो पानाच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) दिसत नाही, इथे पकडला जातो.

दोष काढला की त्याच पानावरून "रिक्वेस्ट इंडेक्सिंग" एकदा दाबा. पुन्हा पुन्हा दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही, आणि रोजची मर्यादाही असते. पानं यायला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. या काळात साइटची मोडतोड करू नका. नंतर कशाने काय झालं ते कळत नाही.

एकाच पानाचे चार पत्ते

एचटीटीपी, एचटीटीपीएस, आणि दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह व त्याविना: चारही रूपं एकेक करून टाइप करा. चारही एकाच अंतिम पत्त्यावर पोचली पाहिजेत, आणि तीही ३०१ या कायमच्या वळणाने. नाहीतर तुमचेच दुवे चार ठिकाणी विभागले जातात. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदतही बघून घ्या. बरीच मोफत प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात आणि आपोआप नूतनीकरण बिनसलं की ब्राउझर लाल इशारा दाखवून वाचकाला परत पाठवतो.

याहून चोरटा दोष कॅनॉनिकलचा. पानाचा अधिकृत पत्ता कोणता हे सांगणारी ही ओळ पानाच्या सोर्समध्ये असते. साइट आधी चाचणीच्या डोमेनवर बांधून मग खऱ्या डोमेनवर हलवली असेल, तर ती ओळ कधी कधी जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. पान उघडा, सोर्स बघा, कॅनॉनिकल शोधा, पत्ता वाचा. काम क्षणाचं, पण ते न केल्यामुळे महिनोन्‌महिने हरवलेल्या साइट असतात.

साइटमॅप आणि आतले दुवे

साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल. तिच्याबद्दल लोकांना फार भक्ती आहे. साइटमॅप लावावा, सर्च कन्सोलमध्ये द्यावा, आणि विसरावा. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी अशी मर्यादा आहे, नव्या साइटला ती कधीच आड येत नाही. वर्डप्रेस २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून साइटमॅप स्वतःच बनवतं. साइटमॅप ही सूचना असते. त्यात पान घातलं म्हणून गुगलने ते घेतलंच पाहिजे असं काही नाही. "तुमची साइट पाचशे सर्च इंजिनांना कळवू" अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये मात्र साइट जरूर जोडा, सर्च कन्सोलमधून ती थेट आयात होते.

आतल्या दुव्यांना मी जास्त किंमत देतो. प्रत्येक पानापर्यंत दुसऱ्या कुठल्या तरी पानावरून क्लिक करत पोचता आलं पाहिजे. ज्या पानाकडे तुमच्याच साइटवरून एकही दुवा जात नाही, ते पान तुम्हालाच महत्त्वाचं वाटत नाही, असाच त्याचा अर्थ लावला जातो. मेनू नुसत्या जावास्क्रिप्टवर चालत असेल, म्हणजे बटण दाबल्यावर पान बदलतं पण त्यामागे खरा दुवा नाही, तर बॉट पहिल्याच पानावर अडकतो. माउसने उजवी टिचकी मारून "नव्या टॅबमध्ये उघडा" असा पर्याय येतो का बघा. येत नसेल तर तो दुवा नाही.

पान कळलंय, पण घेतलेलं नाही

सर्च कन्सोलच्या पानांच्या अहवालात दोन शेरे नेहमी दिसतात. "डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" म्हणजे पत्ता माहीत आहे, पान अजून उघडून पाहिलेलं नाही. नव्या साइटवर याची चिंता नको, थांबा. "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" म्हणजे पान उघडलं, वाचलं आणि तूर्त बाजूला ठेवलं. इथे तांत्रिक खटपट करून उपयोग नसतो. पानातच काही कमी आहे.

बहुतेक नव्या साइटवर चार पानं असतात: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, आमच्या सेवा, संपर्क. यातलं एकही पान कोणी शोधत नाही. "दर्जेदार सेवा, समाधानी ग्राहक" असं काही कोणी शोधपट्टीत टाइप करतं का? माणूस आपली अडचण टाइप करतो. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या साइटवर "आमच्या सेवा" हे पान असतं. शोधणारा लिहितो "सायकलची चेन सारखी उतरते". त्या अडचणीवर पान नसेल तर तुम्ही कितीही वर चढायचा प्रयत्न केलात तरी चढायचं कुठे हाच प्रश्न आहे.

म्हणून आधी प्रश्न गोळा करा. गुगलमध्ये अर्धवट वाक्य लिहून थांबा. खाली जे पर्याय उघडतात ते लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात. निकालांच्या मध्ये येणारे "लोक हेही विचारतात" छापाचे प्रश्न टिपून घ्या. गुगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना करून लोक कोणता वापरतात ते बघा. पण सगळ्यात मोलाचा साठा तुमच्याकडे आधीच असतो: मेलमध्ये, फोनवर, समोरासमोर लोक तुम्हाला जे पुन्हा पुन्हा विचारतात ते. नेहमी तेच उत्तर देऊन कंटाळा आलाय? मग त्याचं पान झालंच पाहिजे.

एका पानावर एकच अडचण घ्या. उत्तर वरच्या दोन परिच्छेदांत द्या, इतिहास खाली. स्वतः काढलेला फोटो, स्वतः केलेलं मोजमाप, "हे केलं तर हे बिघडतं" असा अनुभवातून आलेला इशारा, असं काहीतरी असू द्या जे आधीच्या दहा पानांवर नाही. त्या दहा पानांचाच गोषवारा तुम्ही लिहिलात तर अकरावं पान घ्यायचं कारण काय? यंत्राकडून शेकडो पानं काढून घेणाऱ्यांनाही हेच लागू. मार्च २०२४ मध्ये गुगलने घाऊक मजकुराविरुद्धचं धोरण आणलं. त्यात पानं माणसाने लिहिली की यंत्राने, यावर काही अवलंबून ठेवलेलं नाही. क्रमवारी खेचण्यासाठी ढिगाने पाडली की झालं, ती कारवाईला पात्र.

पानाचं टायटल बघा. ब्राउझरच्या टॅबवर "होम" असं लिहिलेलं दिसलं तर आजच बदला. शोधाच्या यादीत वाचकाला आधी तेच दिसतं. उलट "मेटा कीवर्ड्स" नावाच्या रकान्यात शब्द कोंबत बसू नका. क्रमवारीसाठी आम्ही तो वापरत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी तो भरून देण्याचे पैसे घेणारे अजून भेटतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना दोन जादा तपासण्या. पानावरचं एक वाक्य कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा आला, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे: डोळ्यांना मराठी, सर्च इंजिनाला निरर्थक. परिवर्तक वापरून तो बदलल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. दुसरं, वर्डप्रेस पानाचा पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं एकेक अक्षर किंवा मात्रा पत्त्यात नऊ चिन्हांची जागा खाते, म्हणजे बाविसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. पान चालतं, पण पाठवलेली लिंक लांबलचक आणि संशयास्पद दिसते. पत्ता छोटा, रोमनमध्ये, स्वतः लिहून द्या. मात्र पान प्रसिद्ध झाल्यावर तो बदलायचा तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ हवंच.

दिसतंय, पण क्लिक नाही

सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात सरासरी स्थान हा रकाना चालू करा. स्थान चाळिसाच्या आसपास असेल तर क्लिक नसणं स्वाभाविक आहे. चौथ्या-पाचव्या पानावर कोण जातं? तिथे टायटल सजवून काही होत नाही, वरच्या भागातलं काम करायचं. स्थान पहिल्या दहात असूनही क्लिक नसतील तर टायटल आणि वर्णन यांत दोष असू शकतो, किंवा प्रश्न इतका लहान आहे की त्याचं उत्तर गुगल निकालांच्या पानावरच देऊन टाकतं. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न सोडून द्या. ज्यांच्या उत्तराला चित्र, पायऱ्या किंवा निर्णय लागतो असे घ्या.

कोणत्या शब्दांवर तुम्ही दिसताय ती यादी नीट वाचा. तुम्ही न लिहिलेल्या प्रश्नांवरही पान कधी कधी चाळीस-पन्नासाव्या स्थानी दिसत असतं. पुढचं पान कशावर लिहायचं ते ही यादीच सांगते.

वेग आणि मोबाइल

लोक इथून सुरुवात करतात. मी इथे उशिरा येतो.

गुगल साइट मोबाइलच्या रूपातच वाचतं. २०१६ मध्ये जाहीर झालेला हा बदल २०२३ मध्ये पुरा झाला. त्यामुळे मोठ्या पडद्यावर असलेला आणि मोबाइलवर काढून टाकलेला मजकूर मोजलाच जात नाही. फोनवर पान उघडून सगळं दिसतंय का, अक्षरं वाचता येतात का, खिडकी उघडून मजकूर झाकणारं काही आहे का, एवढं बघा.

वेगाचे मान्य निकष तीन: मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि मांडणीची उडी (पान उघडताना मजकूर सरकण्याचं माप) ०.१ पेक्षा कमी. यातला प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ पासूनचा. पण हे निकष खऱ्या वाचकांच्या भेटींवरून मोजले जातात, आणि नव्या साइटला वाचकच नसल्याने "पुरेशी माहिती नाही" असंच दिसतं. मग लोक पेजस्पीड या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनाचा प्रयोगशाळेतला गुण शंभर करण्यामागे लागतात. त्या गुणाने वाचक येत नाहीत. मूळ कॅमेऱ्यातून काढलेले अजस्र फोटो लहान करा, नको ती प्लगइन्स काढा, आणि थांबा. पान उघडायला इतका वेळ लागतो की तुम्हालाच कंटाळा येतो, अशी स्थिती असेल तरच पुढे जा.

तुम्हाला ओळखतं कोण?

वरचं सगळं ठीक असूनही विषयाने शोधल्यावर साइट दिसत नसेल तर कारण बहुधा हेच: दुसऱ्या कोणत्याही साइटने तुमचं नाव घेतलेलं नाही. हे काम सगळ्यात मंद आणि सगळ्यात कमी आवडीचं, म्हणून या क्रमात एवढ्या खाली.

जे तुम्हाला आधीच ओळखतात त्यांच्यापासून सुरू करा. ज्यांच्याबरोबर काम करता, ज्या संघटनेचे सभासद आहात, ज्यांच्या कार्यक्रमात बोललात, त्यांच्या साइटवर तुमचा उल्लेख दुव्यासह असू शकतो का, ते विचारा. विषयाच्या चर्चेत कोणी तुमच्या पानाने सुटणारा प्रश्न विचारला तर आधी तिथेच पूर्ण उत्तर द्या आणि मग लिंक. नुसती लिंक टाकून पळणाऱ्याला कोणी वाचत नाही. समाजमाध्यमांवरचे बहुतेक दुवे नोफॉलो ("हा दुवा शिफारस धरू नका") खुणेचे असल्याने क्रमवारीत थेट भर घालत नाहीत, पण माणसं आणतात, आणि नव्या साइटला पहिली माणसं तिथूनच मिळतात. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून बघा: चित्र आणि शीर्षक नीट येतंय का? कोरा पत्ता येत असेल तर ओपन ग्राफच्या, म्हणजे लिंकसोबत कोणतं चित्र आणि शीर्षक दाखवायचं ते सांगणाऱ्या, ओळी भरायच्या राहिल्यात. आलेला वाचक परत यावा म्हणून मेलची नोंदणी ठेवा, छोटी, एका रकान्याची.

दुवे विकत घेऊ नका. क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या २०१२ मधल्या पेंग्विन बदलापासून असे दुवे ओळखून त्यांचा बंदोबस्त करणं गुगलचं चालूच आहे, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर माणसाकडून कारवाई होते ती वेगळी.

जाहिरातीचं म्हणाल, तर तिने नैसर्गिक क्रमवारी वाढत नाही आणि पैसे थांबले की वाचक थांबतात. ज्या पानावर आलेला माणूस काहीतरी करतो, वाचतो, विचारतो, अशा एका पानावर थोड्या रकमेने प्रयोग करायला हरकत नाही. रिकाम्या मुखपृष्ठावर जाहिरात लावणं म्हणजे रिकामं पान जास्त लोकांना दाखवणं.

एकाएकी बंद पडलं असेल तर

सर्च कन्सोलमध्ये "मॅन्युअल ॲक्शन्स" (गुगलच्या माणसांनी केलेली कारवाई) आणि "सिक्युरिटी इश्यूज" (सुरक्षेतले दोष) ही दोन पानं आधी उघडा. दोन्हीकडे हिरवी खूण असेल तर निम्मी भीती गेली. मग साइट आणि कोलनवाला शोध पुन्हा करा. तुम्ही कधीच न लिहिलेली शीर्षकं, औषधांच्या जाहिराती किंवा जपानी अक्षरं दिसली तर साइट फोडली गेली आहे. हा हल्ला इतका प्रचलित आहे की गुगलने त्यावर स्वतंत्र मार्गदर्शन लिहिलंय. ती पानं तुम्हाला उघडल्यावर दिसत नाहीत, फक्त बॉटला दाखवली जातात, म्हणून मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

तसं काही नसेल तर बदलांची तारीख जुळवा: घसरण ज्या दिवशी सुरू झाली त्याच्या आसपास थीम, प्लगइन, होस्टिंग किंवा पानांचे पत्ते बदलले होते का? अद्ययावत करताना नोइंडेक्स पुन्हा लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत. डोमेन जुनं विकत घेतलं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याचा पूर्वेतिहास बघा; आधीच्या मालकाने तिथे काय धंदा केला होता ते कळतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

साइट फोडली गेली असेल तर स्वतः फाइली पुसत बसू नका. मागचा दरवाजा राहून जातो आणि आठवड्यात सगळं परत येतं. लाइव्ह तपासणीत पान कोरं दिसतंय आणि साइट पूर्ण जावास्क्रिप्टवर उभी आहे, तर ते डेव्हलपरचं काम आहे. सर्च कन्सोलच्या क्रॉल आकडेवारीत ५०० च्या घरातले दोष (सर्व्हरकडच्या चुका) वारंवार दिसत असतील तर होस्टिंगवाल्याला कळवा. तो हात वर करत असेल तर होस्टिंग बदलायला माणूस लागेल. शेकडो पानांची साइट एका डोमेनवरून दुसऱ्यावर हलवायची असेल, तर आधी विचारा, हलवल्यानंतर नको. आणि मॅन्युअल ॲक्शन लागली आहे पण कशामुळे ते उमगत नसेल, तर पुनर्विचाराचा अर्ज अंदाजाने पाठवू नका.

बोलावताना दोन गोष्टी सांभाळा. डोमेनची नोंदणी आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्याच नावावर राहू द्या. कामासाठी त्याला वापरकर्ता म्हणून जोडता येतं आणि काम झालं की काढता येतं. हात लावू देण्याआधी पूर्ण बॅकअप तुमच्याकडे उतरवून घ्या. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा, अशी हमी कोणीच देऊ शकत नाही असं गुगल स्वतः सांगतं. चांगल्या माणसाच्या कामाचा परिणाम दिसायलाही साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, हेही गुगलचंच म्हणणं.

फोन करण्याआधी एवढं लिहून ठेवा: लक्षण कोणतं, कधीपासून, त्याआधी काय बदललं, साइट आणि कोलनच्या शोधात काय आलं, लाइव्ह तपासणीचा स्क्रीनशॉट, आणि सर्च कन्सोलच्या पानांच्या अहवालातले शेरे. हे हातात असेल तर जाणकाराचा पहिला तास, म्हणजे तुमचे पैसे, वाचतात. आणि ही यादी बघूनही जो सगळी साइट नव्याने बांधायचा सल्ला देईल त्याला कारण विचारा.